सतरा नंबरचा झेंडू

प्रतिभा जेजुरकरला माणसांचा राग पटकन यायचा, आकड्यांचा कधीच नाही. आकडा बिचारा आपण विचारू तेवढंच सांगतो, असं तिचं म्हणणं. पण अठ्ठ्याण्णव सालच्या डिसेंबरात, गंगापूर रोडवरच्या फुलशेती संशोधन केंद्रातल्या तिच्या हिशेबाच्या टेबलावर कुसाबाईचा आकडा आला आणि तो कागद फाडून चुलीत घालावा असं तिला मनापासून वाटलं.

केंद्र कसलं, चार खोल्या आणि मागे रोपवाटिका. एका ट्रस्टच्या जिवावर चाललेलं. पाटणकर सरांनी तिथे अकरा वर्षं झेंडूवर घालवली होती. ह्या जातीचे परागकण त्या जातीवर, त्या जातीचे ह्या जातीवर, असं करत करत त्यांनी एक वाण काढला. त्याला अजून नाव नव्हतं. सतराव्या ओळीत उगवला म्हणून सगळे त्याला सतरा नंबर म्हणायचे. तो लवकर फुलायचा, म्हणजे दसऱ्याच्या बाजाराला बरोब्बर भरात यायचा, आणि क्रेटमध्ये दोन दिवस दाबून ठेवला तरी पाकळी सोडत नव्हता.

हे पाकळीचं प्रकरण प्रतिभाला पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. ती मखमलाबादच्या फूलवाल्यांची पोर. दसऱ्याच्या पहाटे बाजारात क्रेट उघडलं की खाली वीतभर नुसत्या पाकळ्या, आणि व्यापाऱ्याचं नाक मुरडलेलं, हे ती लहानपणापासून बघत आली होती. तिने सतरा नंबरची ओंजळभर फुलं घरी नेली तेव्हा तिच्या वडिलांनी, बहिरूअण्णांनी, ती मुद्दाम क्रेटच्या तळाशी घातली, वर ओझं ठेवलं आणि दोन दिवसांनी काढून म्हणाले, "बरं हाय." लग्नातल्या जेवणालाही ज्या माणसाने कधी बरं म्हटलं नाही, त्याच्या तोंडचं हे बरं! त्या दिवसापासून सतरा नंबर पास झालाच पाहिजे, हे तिने मनावर घेतलं.

पास करणारी समिती फेब्रुवारीत बसणार होती. पास झाला तर बियाणं वाढवून शेतकऱ्यांना वाटायचं. नापास झाला तर ट्रस्ट हात वर करणार आणि फ्रीजमधल्या बियांच्या पुड्या उकिरड्यावर जाणार. पाटणकर सर पुढच्या वर्षी निवृत्त होत होते, तेव्हा पुन्हा नव्याने मांडामांड करायला कोणी उरणार नव्हतं.

चाचणी सरळ होती. नाशिकभोवतीचे बारा शेतकरी निवडले. प्रत्येकाने दोन गुंठ्यांत जुनं बी लावायचं, शेजारच्या दोन गुंठ्यांत सतरा नंबर, आणि हंगामभर कुठल्या वाफ्याची किती फुलं भरली ते केंद्राच्या माणसाला सांगायचं. दहा जणांकडे सतरा नंबर जुन्याच्या पुढे होता. फार नाही, पण ठळक पुढे. अकरावी मातोरीची कुसाबाई. तिच्याकडे सतरा नंबर जुन्याच्या निम्माही भरला नव्हता. आणि बारावा आडगावचा सावळीराम. त्याच्याकडे तो जुन्याच्या दुप्पट!

"कुसाबाईचं काढून टाक," पाटणकर सर म्हणाले. "पाणी दिलं नसेल तिने."

"आणि सावळीरामांचं?"

"ते कशाला? ते चांगलं आलंय की."

विज्ञानाला अकरा वर्षं वाहिलेला माणूस, पण स्वतःच्या लेकराचं प्रगतिपुस्तक हातात आलं की तोही बापच. प्रतिभाने संगणकावर हिशेब सगळ्या तऱ्हांनी करून बघितला. बाराही ठेवले तर सरासरी सतरा नंबरच्या बाजूने होती, पण दोन टोकांच्या दोन आकड्यांनी इतका गोंधळ घातला होता की हा फरक नुसत्या नशिबाचाही असू शकतो, असं उत्तर यायचं. पंगतीत दोघांची जुंपली की बाकीच्या दहा जणांनी पुरणपोळी कशी होती ते सांगितलेलं कोणाला ऐकू येत नाही, तसंच. कुसाबाईला वगळलं की सतरा नंबर दिमाखात पास. सावळीरामाला वगळलं की नापास. एका माणसाला आत-बाहेर केलं की अकरा वर्षांचं काम तरत होतं नाहीतर बुडत होतं.

"मग दोघांनाही काढू," सर म्हणाले. "झालं समाधान?"

"नाही झालं. ते आकडे असे का आले ते कळल्याशिवाय मी कोणालाच काढणार नाही."

"अगं, टोकाचे आकडे म्हणजे चूक असते."

"कधी चूक असते सर, आणि कधी तेवढीच एक खरी गोष्ट असते. बघून यायला काय जातंय?"

सर आपल्या रोपांकडे वळले. त्यांना वाटलं असेल, पोरगी थंडीत लूनावर चार खेपा घालील आणि मग आपणहून वळेल.

मातोरीला कुसाबाई ओट्यावर लसूण सोलत बसली होती. साठीच्या पुढची, काडीसारखी बाई, पण आवाज असा की गावाच्या दुसऱ्या टोकाची म्हैस मान वळवील. प्रतिभा फूलवाल्यांची आहे कळल्यावर तिने आधी तिच्या आजोळाची चौकशी केली, मग चहा टाकायला लावला, आणि मग विचारू दिलं.

"मावशी, नव्या बियाचं एवढं कमी कसं भरलं?"

"कमी कोन म्हन्तं? लय फुललं व्हतं. दोन्ही सुना तोडून तोडून दमल्या."

"मग ती फुलं गेली कुठे?"

"पहिला तोडा देवीला गेला ना."

"सगळा?"

"मंग काय अर्धा? तुमच्याकडं देवीला अर्धी भाकर वाढत्यात का गं?"

"पण त्याचं वजन तरी..."

कुसाबाईने दोन्ही गालांवर पटापट चापट्या मारून घेतल्या. "देवीचं तोलायचं नसतं बाई, मोजायचं नसतं, आन् वाससुदीक घ्यायचा नसतो."

प्रतिभाने कप खाली ठेवला. "आणि जुन्या बियाचा पहिला तोडा?"

"तो गेला बाजारात. जुनं बी घरचं हाय. ह्या घरची चालच हाय, नवं जे काय येईल त्याचं पहिलं देवीचं. गाय आली तरी पहिलं दूध तिचंच."

"मग आमच्या माणसाला हे सांगितलं का नाही?"

"त्यानं इचारलं, काट्यावर किती भरलं? काट्यावर भरलं तेवढं सांगितलं. मी कशापायी खोटं सांगू?"

बाईचं उत्तर सोळा आणे खरं होतं. चुकला होता तो प्रश्न, आणि तो प्रश्न प्रतिभानेच टाइप करून दिला होता. ती ओट्यावर बसल्या बसल्या हसायला लागली. कुसाबाईला कारण कळलं नाही, पण पाहुणी हसते आहे म्हणून तीही हसली.

आडगावचा सावळीराम वेगळीच असामी. त्याने लूनाचा आवाज ऐकूनच हाक दिली आणि सतरा नंबरचं इतकं कौतुक केलं की सतरा नंबरलाही लाजल्यासारखं झालं असतं. असला झेंडू पंचक्रोशीत नाही, पाटणकर साहेबांच्या हाताला गुण आहे, वगैरे वगैरे. प्रतिभाने सगळं ऐकून घेतलं. दुसरा चहा झाल्यावर तिने मातोरीची गंमत सांगितली आणि म्हणाली, "म्हणून म्हटलं दादा, तुमचंही काय झालं ते बघून यावं."

सावळीरामाने टोपी काढून डोकं खाजवलं.

"ताई, खरं सांगू? सायबांस्नी सांगायचं नाय."

"सांगा तर आधी."

"माह्या घरच्या झेंडूचं पलीकडं एक रान हाय. त्यातली चार पाट्या फुलं मी सायबांच्या ढिगात घातली. दर तोड्याला."

"अहो, पण का?"

"आता कसं सांगू... सायेब आपल्या बांधावर आले, खाली बसून आपल्यात भाकर खाल्ली. त्यांचं बी आपल्या रानात कमी भरलं तर आपली काय इज्जत ऱ्हाइली?"

"कमी भरलं होतं का?"

"नाय ना! चांगलंच भरलं व्हतं. पन म्हटलं, चांगल्यात अजून चांगलं."

"नेमकं किती घातलं?"

"घ्या! पाहुन्याला वाढायचं ते काय मोजून वाढत्यात?"

परतीच्या वाटेवर प्रतिभाला रडावं की हसावं ते कळेना. एकीने देवीचा मान राखला, दुसऱ्याने पाहुण्याचा, आणि दोघांच्या मधे सतरा नंबरचा जीव चालला होता. पण एक गोष्ट तिला लख्ख दिसली. दोन्ही टोकांना मुळात झेंडूचा काहीच दोष नव्हता. मधले दहा जण खरं बोलत होते.

फेब्रुवारीत समिती बसली. अध्यक्ष होत्या मंडलिक मॅडम, संख्याशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापक. बारीक केसांचा घट्ट अंबाडा, जाड भिंगं, आणि हसू असं की वर्षातून एखादंच खर्च करायचं. सरांनी दहा जणांचाच तक्ता आणला होता. प्रतिभाने बारा जणांचा फळ्यावर लावला आणि देवीपासून सावळीरामापर्यंत सगळं सांगून टाकलं. समितीतले दोघे खो खो हसले. मॅडम हसल्या नाहीत.

"दोन्ही कारणं पटली मला," त्या म्हणाल्या. "पण कारण पटलं म्हणजे आकडा मिळाला असं होत नाही. कुसाबाईंचा पहिला तोडा किती होता?"

"माहीत नाही."

"मग तुमच्याकडे दहा शेतकरी आणि दोन गोष्टी आहेत."

समितीतल्या एकाने सुचवलं की सगळ्यांचाच पहिला तोडा हिशेबातून काढावा, म्हणजे कुसाबाईवर अन्याय नको. तेव्हा पाटणकर सर खुर्चीतून ताडकन उठले. "अहो, पहिला तोडा म्हणजे दसऱ्याचा तोडा! सतरा नंबरचं सगळं बळ त्यातच आहे. तोच काढला तर राहिलं काय?"

"बरोबर," मॅडम म्हणाल्या. "तर मग अजून एक हंगाम घ्या. निकाल फक्त दसऱ्याच्या तोड्यावर. आमच्यापैकी कोणी समोर असताना वजन होईल. आणि बाराही शेतकरी हेच. एकालाही बदललंत तर मी सही करणार नाही. तुम्ही ज्याला वगळाल, मी आधी त्याच्याबद्दलच विचारीन."

बाहेर पायऱ्यांवर सर प्रतिभाला एवढंच म्हणाले, "दहा जणांवर आज पास झालो असतो आपण." ओरडले असते तर बरं झालं असतं. प्रतिभाचा चेहरा उतरला. पण ती माघार घेणाऱ्यातली नव्हती. "पुढच्या वर्षी बारांवर पास होऊ सर," ती म्हणाली, आणि बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण केवढी उडी मारली आहे.

सावळीरामाचं सोपं होतं. त्याला सरांनी स्वतः जाऊन सांगितलं की माझी इज्जत राखायची असेल तर एक पाकळीसुद्धा वरून घालू नका. तो बिचारा इतका धास्तावला की घरच्या झेंडूच्या पाट्या त्या बाजूने न्यायलाही तयार होईना.

कुसाबाईचं मात्र अवघड होऊन बसलं. बी पुन्हा केंद्राने दिलेलं, म्हणजे अजून नवंच, म्हणजे पहिला तोडा पुन्हा देवीचा. प्रतिभा जूनमध्ये गेली, ऑगस्टमध्ये गेली. फुलं नको तर भरलेली बैलगाडी तोलू आणि मग रिकामी तोलू, असं तिने सुचवलं.

"गाडी तोललीस तरी फुलंच तोललीस ना? देवी काय येडी हाय का?"

"बरं, नुसत्या पाट्या मोजू?"

"तोलायचं नाय आन् मोजायचं नाय. किती येळा सांगू पोरी? तू लाख चांगली, पन हे माह्या हातून व्हायचं नाय."

प्रतिभाने मग जोर केला नाही. तिच्या घरीही देवाची फुलं कोणी हुंगत नसे. त्या न हुंगण्यात कुठे शास्त्र होतं? तरी तिने आजवर एकही हुंगलं नव्हतं. सर म्हणाले, कुसाबाईच्या शेजारच्या निवृत्तीला बारावा करू. प्रतिभाने नुसतं मंडलिक मॅडमचं नाव घेतलं, तसा तो विषय तिथेच संपला.

भाद्रपदात आईबरोबर ती एका देवळात गेली. तिथे एका जोडप्याची नवसाची तुला चालली होती. तागडीच्या एका पारड्यात गुळाच्या ढेपा, दुसऱ्यात टकुचं घातलेलं तान्हं बाळ, आणि ते बाळ असं भोकाड पसरून रडत होतं की देवालाही वाटावं, पुरे, मिळाला तुमचा नवस. आई पुढे निघून गेली. प्रतिभा तिथेच उभी राहिली. देवाच्या दारात तागडी! देवाला वाहायचाच गूळ, आणि खुशाल पारड्यात बसलेला!

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती मातोरीला हजर झाली.

"मावशी, तुला करतात तेव्हा गूळ देवाचाच असतो ना?"

"देवाचाच."

"मग तो कसा चालतो तोललेला?"

कुसाबाईने अंगणातल्या कोंबड्यांना मूठभर दाणे टाकले. मग सावकाश म्हणाली, "तुलेत गूळ तोलत नायत. मानूस तोलत्यात. गूळ नुसता समोर बसतो."

"मग देवीच्या पहिल्या तोड्याने माणूस तोलू. फुलांची तुला. फुलं नुसती समोर बसतील."

"सगळा तोडा?"

"सगळा. अर्धा कशाला?"

कुसाबाईच्या डोळ्यांत हळूहळू हसू आलं. पोरगी चलाख आहे हे तिला कळलं होतं, आणि चलाखी देवीच्या विरोधात नाही हेही. "पन बसायचं कोनी? नातू आता घोड्यायेवढा झाला."

"तुम्ही बसा."

"मी?" ती इतक्या जोरात म्हणाली की सुना आतून धावत आल्या. "म्हातारीची तुला कोन करतं गं? पोरांच्या केल्या, नातवाची केली. गूळ मी आनला, दोरी मी धरली. मला कुनी पारड्यात बसवलं नाय कधी."

"मग आता बसा."

कुसाबाईने पदराने नाक पुसलं आणि धाकट्या सुनेला उगीचच खेकसून सांगितलं की पाहुणीला नुसता चहा काय देतेस, पोहे कर. प्रतिभा इथे एका आकड्यासाठी आली होती, आणि हे भलतंच काहीतरी मोठं तिच्या पदरात पडलं होतं.

खंडेनवमीला तोडा ठरला. त्याआधीच्या दोन दिवसांत समितीच्या माणसांसमोर बाकी अकरा जणांची वजनं झाली. सावळीरामाकडे सतरा नंबर जुन्याच्या पुढे भरला, बाकीच्यांइतकाच. तो सरांना चारचारदा विचारत होता, "सायेब, कमी तर नाय ना वाटत?" अकरा आकडे छान एका ओळीत बसले होते. पण प्रतिभाला बाराव्याची धास्ती होती. गेल्या महिन्यात कुसाबाईच्या वाफ्यात काही झाडांची पानं पिवळी पडलेली तिने स्वतः पाहिली होती. गेल्या साली कमी भरलं ते देवीमुळे, असं तिने समितीसमोर छातीठोक सांगितलं होतं. तोडा खरंच कमी असला तर? अकरा जणांनी सतरा नंबरला दारापर्यंत आणलं होतं, आणि बारावा आकडा अजूनही त्याला बाहेर ढकलू शकत होता. कमी आला तर तसाच लिहायचा, हे तिने मनाशी ठरवलं होतं.

मातोरीच्या देवीसमोरच्या वडाला तागडी टांगली होती. तिची पारडी म्हणजे दोरांनी बांधलेल्या दोन मोठ्या फळ्या. सगळं गाव जमलं होतं, संबळ वाजत होता, आणि त्या गर्दीत मंडलिक मॅडम साडीचा पदर खोचून तागडी तपासत होत्या. रिकामी तागडी एका बाजूला झुकते म्हणून त्यांनी दुसऱ्या फळीवर खडे ठेवून ती सरळ केली. फुलांसाठी एका फळीवर चादर अंथरली, तर तसलीच चादर दुसऱ्या फळीवर टाकायला लावली. मग बाजूच्या साध्या काट्यावर आधी जुन्या बियाचा तोडा तोलला. तो घरचा, बाजाराचा, त्याला कसली आडकाठी नव्हती. एकतीस किलो भरला. मग त्याच काट्यावर त्यांनी कुसाबाईला उभं केलं.

"एक्केचाळीस," मॅडम म्हणाल्या.

"यवढीच? लय राबवलं बाई ह्या घरानं," कुसाबाई म्हणाली, आणि गावाने हसून घेतलं.

हिरवं लुगडं नेसून, कपाळभर कुंकू लावून ती फळीवर मांडी घालून बसली. फळी जमिनीला टेकलेली. समोर सुना एकेक पाटी रिकामी करू लागल्या. देवीची फुलं, त्यामुळे पाट्या कोणी मोजायच्या नाहीत, आणि प्रतिभानेही मोजल्या नाहीत. तिने नजर कुसाबाईच्या फळीवर ठेवली होती. ढीग वाढत होता, केशरी उजेड पडल्यासारखा दिसत होता, पण फळी काही हलेना. पाटणकर सरांनी डोळे मिटून घेतले होते. अजून एक पाटी. फळी जमिनीवरच. प्रतिभाने मनात हिशेब केला, पस्तीस असले तरी निभेल, तिशीच्या खाली गेलं तर आपण सगळेच मेलो.

अजून एक पाटी पडली आणि दोर करकरला. कुसाबाईच्या फळीची एक कड जमिनीवरून सुटली.

"हलली गं बया!" कोणीतरी ओरडलं.

मागून धाकटी सून डोक्यावर शेवटची भरलेली पाटी घेऊन आली. ती फुलं पडली, आणि कुसाबाई सरळ वर गेली. वर म्हणजे चांगली माणसाच्या छातीइतकी! तिने एका हाताने दोर धरला, दुसऱ्या हाताने पदर सावरला, आणि लहान पोरीसारखी खळखळून हसली. संबळवाल्याने असा काही हात टाकला की वडावरचे पक्षी उडाले. फुलांचं पारडं जमिनीला टेकलं होतं आणि प्रतिभा जागच्या जागी उड्या मारत होती. एक्केचाळीसच्या वर! एक्केचाळीसच्या वर!

"थांबा, थांबा, मला आकडा हवाय," मॅडम ओरडल्या. थोरल्या मुलाने देवीच्या प्रसादाची पाच किलोची गुळाची ढेप आणून आईच्या मांडीवर ठेवली. तागडी डुलली, डुलली आणि मधोमध उभी राहिली. मॅडमनी वाकून, मागून, पुढून बघितलं. मग कागदावर लिहिलं, सेहेचाळीस.

त्यांनी तिथेच पारावर बसून पेन्सिलने सगळा हिशेब केला. प्रतिभाच्या कॅल्क्युलेटरवर उत्तर कधीच आलं होतं, तरी ती दम धरून उभी राहिली. मॅडमनी शेवटची रेघ ओढली आणि भिंगांवरून पाटणकर सरांकडे पाहिलं.

"बारा जणांत सगळ्यात वरचा आकडा हाच आहे. बाकीच्यांपासून जरा लांबच पडलाय. काढायचा का?"

सरांचं तोंड उघडं पडलं. "नाही, नाही! म्हणजे... मॅडम, तुम्ही स्वतः..."

"मी स्वतः बघितलाय," मॅडम म्हणाल्या, आणि वर्षाचं राखून ठेवलेलं हसू त्यांनी त्या पारावर खर्च करून टाकलं. "राहू दे. पास आहे तुमचा झेंडू. सगळ्यांना धरून पास आहे."

पाटणकर सरांनी प्रतिभाचे दोन्ही हात धरले आणि ते ढसाढसा रडले. अकरा वर्षं शांत राहिलेला माणूस, त्याचं सगळं त्या एका मिनिटात बाहेर आलं. सावळीराम आडगावहून खास आला होता. तो गर्दीला सांगत सुटला की बघा, साहेबांचं बी आहेच तसं, मी पहिल्या वर्षापासून म्हणतोय.

"मावशी!" प्रतिभा तागडीजवळ जाऊन ओरडली. "देवीची फुलं जड झाली! तुम्ही हलक्या पडलात!"

"पडू दे!" पारड्यातून आवाज आला. "देवीपुढं हलकंच ऱ्हावं मानसानं!"

थोरला मुलगा दोराशी आला. "आई, उतरवू का आता?"

कुसाबाईने मांडीवरची ढेप सावरली. सगळं गाव टक लावून तिच्याकडे बघत होतं, दोन्ही सुना, नातू, त्या मोठ्या शिकलेल्या बाई, सगळे.

"थांब रं," ती म्हणाली. "काय घाई हाय? बसू दे जरा."

मग तिला कोणी उतरवलं नाही. संबळवाल्याचे हात दुखेपर्यंत ती तिथेच डुलत बसली होती.